‘व्हिंटेजमध्ये पासिंग होतंय की!’ नाही, होत नाही

शिराळा तालुक्यात जुन्या जीपची माया फार. चांदोलीकडचे चढ, पावसाळ्यातला चिखल, उसाच्या रानातल्या पाणंदी. वडापवाल्यांपासून बागायतदारांपर्यंत अनेकांनी महिंद्राची जीप इथे वर्षानुवर्षं राबवली. आता त्याच जीपा गोठ्याच्या कडेनं बाहेर काढून नव्या करायची हौस आली आहे. हौस चांगलीच आहे. पण तिच्याबरोबर एक वाक्य गॅरेजपासून लग्नाच्या मांडवापर्यंत इतक्या ठामपणे कानावर येतं की आता ते ऐकवत नाही: “जुनी गाडी आहे, पाहिजे ते इंजिन टाका. व्हिंटेजमध्ये पासिंग होतंय की!”

होत नाही. नियम याच्या बरोबर उलट आहे.

जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 81-ए पासून पुढचे नवे नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ धरली जाते, पण एका अटीवर: ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. म्हणजे ज्या इंजिनबदलाला हा नियम संरक्षण देतो असं सांगितलं जातं, त्याच बदलानं गाडी यादीतून बाहेर पडते. नव्या व्हिंटेज नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. गाडीची आधीची नोंदणी असेल, तर जुना नंबर ठेवता येतो. यातली सर्वात महत्त्वाची ओळ मात्र कुणी सांगत नाही. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. आठवडी बाजाराला आणि रानात जायला जीप हवी असेल, तर व्हिंटेज नोंदणीचा उपयोग शून्य.

मग साध्या नोंदणीवर इंजिन बदललं तर? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की उत्पादकानं मुळात जे तपशील ठरवले, त्यांच्याशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकानं करायचा नाही. केरळातून आलेल्या एका खटल्यात 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ पक्का केला. इंजिन कामातून गेलं, तर त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं दुसरं इंजिन आरटीओच्या मंजुरीनं बसवता येतं. सीएनजी किंवा बॅटरीवर जायचं असेल, तर मान्यताप्राप्त किटचा रस्ता आहे. पेट्रोल जीपमध्ये बोलेरोचं टर्बो डिझेल यातल्या कशातच बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-ए प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला. एमएम 540 सारखी जीप कारखान्यातूनच प्यूजोचं डिझेल इंजिन घेऊन यायची. तिला तेच इंजिन पुन्हा बसवलं तर ते रिस्टोरेशन. हा फरक समजून घेतला की निम्मे वाद मिटतात.

गैरसमजाचं मूळ मोबाइलवर आहे. 1964 ची पाँटिअ‍ॅक जीटीओ, 1969 ची कॅमरो अशा अमेरिकन मसल कार उघड्या करून त्यांत आजचं इंजिन, आजचे ब्रेक बसवतात, त्याला तिकडे ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. ते व्हिडिओ बघायला मलाही आवडतात. पण तिथे राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. आपली जीपही जन्मानं अमेरिकनच आहे, म्हणून तिला अमेरिकेचा कायदा लागत नाही.

बरं, कायदा बाजूला ठेवू. विलीज या मूळ अमेरिकन कंपनीच्या घराण्यातल्या पेट्रोल जीपचं 2.2 लिटरचं इंजिन युद्धकाळात सुमारे 60 अश्वशक्ती द्यायचं. नऊ इंची ड्रम ब्रेक, स्टीअरिंग, तीन गिअरचा गिअरबॉक्स, सगळं त्या मापानं बांधलेलं. इंजिन बदललं आणि ब्रेक तसेच राहिले, तर काय होतं? 60 ऐवजी 80 च्या वेगावरून थांबताना त्याच ड्रमना जवळजवळ पावणेदोनपट ऊर्जा जिरवावी लागते. त्यात आपल्याकडचा पाऊस. ओल्या ड्रमची पकड आधीच सुटलेली असते. “इंजिन दणकट आहे” असं अभिमानानं सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न ब्रेकचाच विचारतो.

आपल्या सांगली जिल्ह्यातच एक उदाहरण घडलं आहे आणि ते नेमकं उलटं सांगितलं जातं. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये महिंद्रा कंपनीचे आनंद महिंद्रा यांनी तिचं मनापासून कौतुक केलं. “बघा, त्यांना चाललं!” असं लोक म्हणतात. महिंद्रांनी त्याच वेळी स्पष्ट लिहिलं होतं, की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या प्रशासन ती रस्त्यावर येऊ देणार नाही. म्हणून तर बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. त्या माणसाचं कसब खरंच थोर आहे. रस्त्यावर चालवायचा परवाना मात्र त्यातून कुणाला मिळत नाही.

दुसरा लाडका समज: “आमची जीप दुसऱ्या महायुद्धातली आहे.” बहुतेक वेळा नसते. महिंद्रा कंपनीनं विलीजचे सुटे संच आणायला सुरुवात केली ती 1947 मध्ये, युद्ध संपल्यावर. खाली वाकून बघा. युद्धातल्या जीपच्या जाळीला नऊ फटी, नंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातलीला मागे उघडणारं फाळकं नाही, हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत बसलेले. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल पाइपचा असेल तर विलीजची, उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्डची. आणि बॉनेट उंच असेल, तर ती सीजे-3बी. विलीजनं हे मॉडेल 1953 मध्ये आणलं, उंच इंजिन मावावं म्हणून. आपल्याकडे जास्त दिसते ती हीच आणि तिची पुढची भावंडं. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त महायुद्धाची किंमत मोजू नका.

आता उरलेले झटपट.

“कागद ओरिजिनल आहेत.” कागद खरे असतात, गाडी दुसरीच असते. चासीवरचा नंबर घासून स्वच्छ करा आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. नंबर पुन्हा ठोकलेला वाटला तर बयाणाही देऊ नका.

“पंधरा वर्षं झाली की भंगार.” वयावरून सरसकट बंदीचा वाद दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे फिटनेस तपासून खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते, हरित कर भरावा लागतो. सरकारी गाड्यांचं मात्र वेगळं: 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी वाढत नाही, त्यामुळे “खात्याची जुनी जीप लिलावात घेतो” हा बेत सोडा.

“जुना पत्रा जाड, गंजत नाही.” गंजतो, आणि आतून. युद्धकाळातल्या जीपच्या तळाखालच्या पन्हळींत लाकडी पट्ट्या असत. त्या पाणी धरतात. रंगाआधी तळ ठोकून बघा.

“महागडं हाय-ऑक्टेन पेट्रोल घातलं की पळते.” युद्धकाळातल्या त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन 6.48 ला 1. जास्त ऑक्टेनचा त्याला काही उपयोग नाही.

“इथेनॉलच्या पेट्रोलनं इंजिन बसतं.” एका टाकीनं बसत नाही. पण जुने रबरी पाइप आणि इंजिनाच्या फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉलनं फुगतो, चिरतो, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदा आधी बसवा, रंगाचं नंतर बघा.