रांगेतला क्रम

शाखेच्या खिडकीवर एखादा दुकानदार चिल्लरीच्या चार पिशव्या घेऊन उभा असतो आणि त्याच्या मागे पाचशे रुपये काढायला आलेल्या आजी असतात. जाणता रोखपाल एक पिशवी मोजून झाली की आजींचे काम आटोपतो आणि मगच दुसरी पिशवी उघडतो. दुकानदाराची पाच मिनिटे जातात, आजींचा अर्धा तास वाचतो.

बँकेच्या डेटा सेंटरमध्ये हीच रांग साठवण यंत्रणेपाशी लागते. सर्व शाखांची खाती, एटीएमचे व्यवहार, अहवाल आणि बॅकअप यांची वाचने व नोंदी सामायिक डिस्कवर होत असतात. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ४ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचक-शीर्ष हलवण्याचा वेळ मिळवला, तर विखुरलेल्या नोंदी सेकंदाला दोनशेसुद्धा होत नाहीत. त्यामुळे अनेक डिस्क एकत्र जोडतात. तरीही क्षमतेला मर्यादा राहतेच.

वाणिज्य शाखेचा पदवीधर संगणक विभागात बदलून जातो, तेव्हा त्याला प्रथम रात्रपाळी मिळते. माझ्या पूर्वीच्या एका नेमणुकीत तिमाहीअखेरचा बॅकअप लांबला आणि सकाळी दहालाही चालूच होता. प्रोसेसर जवळजवळ रिकामे, नेटवर्क सुरळीत. तरी शाखांचे पडदे गोठलेले. काही एटीएमवर खात्यातून रक्कम वजा झाली, पण उत्तर वेळेत न पोहोचल्याने नोटा बाहेर आल्याच नाहीत. अशी रक्कम पाच दिवसांत परत जमा न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१९ पासून आहे. पण महिनाअखेरीस खिसा रिकामा असलेल्या माणसाला पाच दिवससुद्धा फार असतात.

उपाय म्हणून आम्ही बॅकअपला सर्वांत शेवटचा क्रम दिला. तीही चूकच ठरली. ग्राहकांची वर्दळ थांबेना, म्हणून बॅकअप पुढे सरकेना. बॅकअप अपुरा असताना डिस्क निकामी झाली असती तर, या विचाराने त्या आठवड्यात आमची झोप उडाली होती.

अखेरीस मार्ग सापडला तो वाट्यांचा. समजा, ग्राहकांच्या व्यवहारांना चार वाटे, अहवालांना दोन आणि बॅकअपला एक. गर्दी नसताना वाट्यांकडे कोणी पाहत नाही. बॅकअपने हवी तेवढी डिस्क वापरावी. प्रतिसादाचा विलंब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मात्र वाटप सुरू होते. व्हीएमवेअरने २०१० मध्ये आणलेल्या अशा सुविधेत ही मर्यादा मुळात ३० मिलिसेकंद होती. बॅकअपचा सातवा हिस्सा लहान असला, तरी हक्काचा असतो.

पूर्वी रात्र तरी मोकळी मिळत असे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू झाले; यूपीआयला तर रात्र-दिवस ठाऊकच नाही. फिरता भाग नसलेल्या नव्या डिस्क कितीतरी जलद आहेत खऱ्या, पण त्यांच्यासमोरची रांगही तेवढीच वाढली आहे. पहाटे तीनला रुग्णालयाच्या दारातून कोणी पैसे पाठवतो, तेव्हा आमचा बॅकअप ऐन भरात असतो. बॅकअपचे दोन तुकडे लिहिले जाण्याच्या मधल्या जागेत त्या ग्राहकाची नोंद होऊन जाते.