अपडेट मारलं अन् वायफाय गेलं? फॉरमॅट करू नका, आधी दोन नंबर पाहा

अमरावती असो की अकोला, बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. "सर, बिलिंगच्या कॉम्प्युटरवर उबुंटू टाकलं, लायसन्सचा खर्च वाचला. पण अपडेट झालं अन् वायफायचं डोंगल बंद पडलं. आता?"

काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना कारण शोधत बसू नका. आधी दुकान सुरू करा. कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि यादीतला जुना कर्नल निवडा. उबुंटू आधीचा कर्नल सहसा ठेवूनच देतं. त्यावर डोंगल चाललं तर डोंगल चांगलं आहे, नवीन घ्यायला पळू नका. दिवसभर धंदा करा, दुरुस्ती संध्याकाळी.

आता हे होतं काहून? कर्नल म्हणजे लिनक्सचं मुख्य इंजिन, अन् मॉड्यूल म्हणजे त्याला जोडलेला सुटा पार्ट. बरेच ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, त्यांचा त्रास नाही. पण स्वस्त डोंगलचा ड्रायव्हर आपण बाहेरून आणून आपल्याच मशीनवर बनवलेला असतो. तो बनवणारं साधन म्हणजे कंपायलर, इथे जीसीसी. अकोल्याच्या एमआयडीसीत कोणत्याही लेथवाल्याला विचारा, बोल्टचे आटे एका मापाचे अन् नटचे दुसऱ्या मापाचे असले तर बसेल का? कर्नल बदलला की पार्ट पुन्हा बनवावा लागतो. ते काम डीकेएमएस नावाचं साधन आपोआप करतं, पण कंपायलर जुना असला तर तेही अडतं.

खरं उदाहरण घ्या. उबुंटू २२.०४ सोबत जीसीसी ११ येतं. २०२४ च्या सुरुवातीला त्याच उबुंटूच्या नेहमीच्या अपडेटमधून ६.५ कर्नल आला, आणि तो बनवला होता जीसीसी १२ ने. कर्नल १२ ला समजणारा एक पर्याय मागत होता, ११ ला तो ओळखताच येत नव्हता. 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन' असा एरर देऊन काम थांबायचं. कित्येकांचे ग्राफिक्स कार्डचे ड्रायव्हरही यातच अडकले.

तपासणी दोन मिनिटांची आहे. (कमांडचं इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिलंय.) 'कॅट /प्रॉक/व्हर्जन' मारा, चालू कर्नल कोणत्या जीसीसीने बनला ते दिसेल. मग 'जीसीसी --व्हर्जन', म्हणजे तुमच्याकडे कोणतं आहे ते कळेल. पहिला आकडाच वेगळा असेल, १२ अन् ११ असा, तर रोग सापडला. १२.१ अन् १२.३ एवढाच फरक असेल तर सहसा बिघडत नाही. कंपायलर वेगळा असल्याची वॉर्निंग दिसते, तिला घाबरू नका. वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे.

उपाय म्हणजे जीसीसी १२ चं पॅकेज टाका, चालू कर्नलचे हेडर्स टाका आणि ड्रायव्हर पुन्हा बनवा. हाताने बनवत असाल तर मेक कमांडला 'सीसी=जीसीसी-१२' जोडा. अख्ख्या सिस्टमचा जीसीसी बदलायचा सल्ला यूट्यूबवर लय मिळतो. मी तो देत नाही, एका पार्टसाठी सगळं वर्कशॉप कशाला हलवायचं?

अन् इंटरनेटच बंद आहे, मग पॅकेज उतरवायचं कसं? मोबाईल यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग चालू करा. झालं.

अपडेट कायमचं बंद करू नका, सुरक्षेचे पॅचही त्यातूनच येतात. फक्त दिवाळीच्या आठवड्यात बिलिंगच्या मशीनला हात लावू नका. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी अपडेट मारा, रिस्टार्ट करा, एक बिल प्रिंट करून पाहा.

दोन्ही आकडे जुळतात, ड्रायव्हर बनतोही, पण लोड होताना 'की वॉज रिजेक्टेड' असं येतं? मग तो सिक्युअर बूटचा मामला आहे, कंपायलरचा नाही. त्यावर पुढचा व्हिडिओ करतो.