किरणोपचारानंतर जाणारा तोल : 'भ्रम' असे निदान करण्यापूर्वी

मुख, जिव्हा, घसा व स्वरयंत्र यांचे कर्करोग आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर आढळतात. तंबाखू व सुपारी यांचे सेवन हे त्यांचे प्रमुख कारण होय. यांतील अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर अथवा तिच्याऐवजी किरणोपचार दिले जातात. सामान्यतः आठवड्यातून ५ दिवस याप्रमाणे ६ ते ७ आठवडे हे उपचार चालतात व एकूण मात्रा ६० ते ७० ग्रे इतकी असते. उपचार संपवून घरी परतलेला रुग्ण पुढील तक्रारी घेऊन पुष्कळदा आपल्याच चिकित्सालयात येतो. तोंडाचा कोरडेपणा, गिळताना होणारा त्रास या गोष्टी तो स्वतःहून सांगतो. चालताना तोल जातो, ही तक्रार मात्र तो अशक्तपणात जमा करतो आणि आपणही बहुधा तसेच करतो.

माधवनिदानात भ्रमाच्या मुळाशी पित्त, वात व रजोगुण मानले आहेत. त्या दृष्टीने रुग्णाचा विचार जरूर व्हावा. परंतु किरणोपचार घेतलेल्या रुग्णात तेवढ्यावर थांबणे धोक्याचे ठरू शकते. त्याचा तोल जाण्याची कारणे एकाहून अधिक असतात आणि प्रत्येकाची दिशा वेगळी असते.

तोल कोठे बिघडतो?

पहिले स्थान अंतःकर्ण. तेथील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांलगतच्या दोन पिशव्या डोक्याच्या हालचालीची व स्थितीची वार्ता मेंदूस देतात. नाकामागील घशाचा वरचा भाग किंवा कानापुढील लाळग्रंथी येथील अर्बुदावर किरण देताना अंतःकर्ण त्यांच्या मार्गात येऊ शकते. सूक्ष्म रक्तवाहिन्या व संवेदक पेशी यांची हानी होते आणि ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनी प्रकट होते. सोबत सिस्प्लॅटिन दिले असल्यास श्रवणहानीचा धोका वाढतो. ही हानी मंदगतीने होत असल्याने गरगरणारी चक्कर येतेच असे नाही. रुग्ण एवढेच सांगतो की अंधारात किंवा उंचसखल वाटेवर पाय ठरत नाही. मध्यकर्णात द्रव साचल्यानेही कान दडे बसणे व अस्थिरता संभवते.

दुसरे स्थान मान. मानेचे स्नायू व सांधे हेही तोलाचे संवेदक आहेत. किरणांमुळे तेथील ऊती कठीण होतात, मान वळत नाही आणि तोलाची वार्ता अपुरी पडते.

तिसरे स्थान कॅरॉटिड धमनी. ही धमनी जेथे दुभंगते तेथे रक्तदाब जाणणाऱ्या चेता असतात. त्या दुखावल्यास उभे राहताच रक्तदाब घसरतो. याच धमनीचा मार्ग पुढील काही वर्षांत अरुंद होऊन पक्षाघाताचा धोकाही वाढतो.

याखेरीज मानेवर किरण पडल्याने थायरॉइडची क्रिया मंदावते. मुखपाकामुळे आहार व पाणी कमी गेल्याने धातुक्षय व निर्जलीकरण होते, तेही अस्थिरतेस कारण ठरते.

चिकित्सालयातील साधी तपासणी

रुग्णास ५ मिनिटे आडवे निजवून रक्तदाब मोजावा. उभे राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरल्यास त्याची दखल घ्यावी. नंतर पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहण्यास सांगावे व आपण जवळ उभे राहावे. घडी घातलेल्या जाड सतरंजीवर किंवा गादीवर हीच चाचणी करताना तोल अधिक गेल्यास अंतःकर्णाचा संशय घ्यावा. टीएसएच चाचणी दर ६ ते १२ महिन्यांनी करणे इष्ट. श्रवणचाचणीही करून घ्यावी.

उपचारांतील विवेक

किरणित मानेवर जोरकस मर्दन करू नये, मान झटक्याने वळवू नये. कर्णपटल शाबूत असल्याची खात्री झाल्याखेरीज कर्णपूरण टाळावे. आधीच क्षीण व निर्जल झालेल्या रुग्णास विरेचन देऊ नये. घशासाठी ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत पोटात दिल्यास रक्तदाब वाढू शकतो व पोटॅशियम घटते. सर्पगंधा रक्तदाब उतरवते, म्हणून उभे राहताच ज्याचा दाब घसरतो त्याला ती देताना दुप्पट सावध असावे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या चक्करविरोधी गोळ्यांची पट्टी महिनोन्‌महिने दिल्यास मेंदू तोल पुन्हा शिकत नाही. नजर स्थिर ठेवण्याचे व डोके हलविण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करणे अधिक हितकर ठरते.

तोंड वाकडे होणे, वाचा अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, अचानक तीव्र चक्कर किंवा बहिरेपणा, यांपैकी काहीही दिसल्यास औषधयोजना न करता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. सौम्य लक्षणे असली तरी त्याच्या कर्करोगतज्ज्ञास कळवावे.

किरणोपचार पार पडलेला रुग्ण पुष्कळ सोसून आलेला असतो. एका पडण्याने त्याची उरलेली उमेद व हाडे दोन्ही मोडू शकतात. म्हणून अशा रुग्णास प्रत्येक भेटीत एक प्रश्न आपणच विचारावा : "अंधारात चालताना पाय ठरतो ना?"