वऱ्हाडचा ताबा आणि हैदराबादची लष्करी राजवट

शेंदूरजनाघाटच्या उत्तरेस सातपुड्याचा घाट चढून गेले की बैतूलचा मुलूख लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत असे. घाटाखालचा वऱ्हाड मात्र कायद्याच्या दृष्टीने निजामाच्याच राज्यात होता. दोन्हीकडे कारभार इंग्रजांचाच; पण कलकत्त्याचे कायदे वऱ्हाडास आपोआप लागू होत नसत, ते गव्हर्नर जनरलच्या अधिसूचनेने लागू करावे लागत. हा भेद कागदी वाटेल. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी राजवटींचे कायदेशीर रूप समजून घेण्यास तो फार उपयोगी आहे.

1853 च्या तहान्वये हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे प्रांत इंग्रजांकडे लावून दिले. स्वामित्व निजामाचे, सत्ता रेसिडेंटची. 1860 च्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले, पण उरलेल्या वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क संपुष्टात आला. शिल्लक राहील ती त्यास द्यावयाची होती. ती किती राहिली हे मात्र देणाऱ्यानेच सांगावयाचे! पुढे 1902 साली वार्षिक पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा झाला व 1903 साली वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला. मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी तोवर येथे पुरती रुजली होती. राजाचे नाव राखावे, त्याच्याच लेखाने त्याचा अधिकार घ्यावा आणि हिशेबाचे बंधन सैल करावे, अशी ही रीत होय.

1945 नंतर जपानमध्ये मॅकआर्थरने सम्राटास पदावर राखून तेथील मंत्रिमंडळामार्फतच कारभार चालविला. तेथील ताबासैन्यात हिंदी ब्रिगेडही होती. याच काळात, म्हणजे 1946 साली, जयंतो नाथ चौधुरी हे मलायात प्रशासन-विभागाचे ब्रिगेडिअर होते. सैनिकी व्यवस्थेतील या पदावरून फार मोठा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे; परंतु 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबादचे सैन्य शरण आल्यावर तेथील लष्करी गव्हर्नर झाले ते हेच चौधुरी.

या गव्हर्नरपदाचा कायदेशीर पाया विचारात घेण्याजोगा आहे. राज्यकारभाराचे अधिकार चौधुरींना मिळाले ते निजामाच्या फर्मानाने. त्या अधिकारांत कायदे करण्याची सत्ता येते काय, ही शंका राहू नये म्हणून 7 ऑगस्ट 1949 रोजी खुलाशाचे दुसरे फर्मान निघाले, आणि त्याच महिन्यात जहागिरी रद्द करणारा विनियम जारी झाला. जहागीरदारीचा अंत जहागीरदारांच्या स्वामीच्याच सहीच्या आधारे व्हावा, यात त्या रीतीची सोय स्पष्ट दिसते. शेजारच्या प्रांतांतून आलेल्या मुलकी अधिकाऱ्यांच्या हातांना जिल्हा-कारभाराचा तो साचा परिचयाचाच होता.

दोहोंचे हेतू भिन्न होते, हे सांगितलेच पाहिजे. वऱ्हाडचा ताबा कायमचा ठरला. हैदराबादची लष्करी राजवट 1949 च्या अखेरीस संपली, 1952 साली निवडून आलेले सरकार आले. परंतु उत्तरदायित्वाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उरतो. 1948 च्या अखेरीस भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर मारले गेलेल्यांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार अंदाजिली. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि काही ठिकाणी सैनिक व पोलिसांचाही सहभाग असल्याचे समितीने नोंदविले. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे 1860 साली निजामास परत मिळालेले धाराशिव, होते, नांदेडही होते. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार इतिहासात सविस्तर नोंदले गेले. हा अहवाल मात्र कित्येक दशके अप्रकाशित राहिला. फर्मान निजामाचे, हुकूम लष्करी गव्हर्नरचा, धोरण दिल्लीचे: अशा स्थितीत उस्मानाबादच्या विधवेने दाद नेमकी कोणाकडे मागावयाची होती, याचे उत्तर त्या दोन्ही फर्मानांत नाही.