अर्ध्या तोळ्याची दोरी

कोकणात कुणाला गरवताना पाहिलं असेल, तर गरी पाण्यात लांब कशी जाते हे वेगळं सांगायला नको. दोरीला शिसं बांधलेलं असतं. ते भिरकावलं की मागोमाग दोरी जाते. आता ते शिसं काढून टाका. आमिषही नको. गळाला कोंबड्याच्या मानेचं एक पीस आणि चिमूटभर लोकर गुंडाळून केलेली खोटी माशी तेवढी ठेवा. (मासा आणि माशी, मराठीने जोडी आधीच लावून ठेवली आहे.) तळहातावर ठेवली तर तिचं वजन जाणवत नाही, फुंकर मारली तर उडून जाईल. ही माशी वीस फुटांवर, दोन दगडांमधल्या ताटाएवढ्या पाण्यात अलगद उतरवायची आहे. कशी उतरवणार?

गंमत अशी की माशी फेकायचीच नसते. फेकायची असते दोरी.

फ्लाय फिशिंगची दोरी मुद्दाम जाड आणि जड केलेली असते. तिला नंबर असतो, आणि तो ठरतो तिच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून. हे वजन मोजतात ग्रेनमध्ये. तीन नंबरची दोरी १०० ग्रेन, चारची १२०, पाचची १४०. आपला तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे तीन नंबरची तीस फूट दोरी सराफाच्या काट्यावर ठेवली, तर अर्ध्या तोळ्याच्या थोडी वर भरेल. एका अंगठीचं वजन तीस फुटांवर पसरलेलं, एवढ्यावर सारा कारभार! काठी मागे नेली की दोरी हवेत मागे सरळ होते. काठी पुढे येऊ लागली की दोरीच्याच वजनाने ती वाकते, आणि काठी थांबून सरळ होताना दोरीची लांबट घडी पुढे पाठवते. घडी हवेत उलगडत जाते, आणि सगळ्यात शेवटी येऊन टेकते ती माशी.

पण यासाठी मागे मोकळी जागा लागते, आणि डोंगरातल्या ओढ्यावर नेमकी तीच नसते.

अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या उंचावरच्या ओढ्यांमध्ये ब्रूक ट्राउट राहतो. तिथला मूळचा ट्राउट हा एकच. रेनबो आणि ब्राऊन मागाहून आणून सोडलेले. मासा जेमतेम वीतभर, आणि ओढ्यावर दोन्ही काठांनी ऱ्होडोडेंड्रॉनचं छत. आपल्या हिमालयातल्या बुरांशचाच हा भाऊबंद. त्या बोगद्यात नेहमीची नऊ फुटी काठी उचलली की शेंडा फांदीत, माशी पानात आणि माणूस वैतागलेला. म्हणून इथे काठी साडेसहा-सात फुटांची, फार तर साडेसात.

तीही पुष्कळदा फिरवायला जागा मिळत नाही. मग एक फार सुंदर युक्ती करतात. माशी दोन बोटांत धरायची, गळाचं टोक बाहेर ठेवून. दोरी ताणून मागे ओढायची, म्हणजे काठी धनुष्यासारखी वाकते. शेंड्याने नेम धरायचा आणि बोटं सोडायची. माशी फांद्यांखालून सरळ डोहावर जाते. काठीच्या मागे काहीच गेलेलं नसतं.

इथे आणखी एक पेच आहे. दोरीचा नंबर तीस फुटांवर ठरलेला, आणि या ओढ्यावर शेंड्याबाहेर दोरी निघते जेमतेम दहा फूट. काठीच्या वाट्याला येणारं वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. ताठ कार्बनची काठी एवढ्याने वाकतच नाही. मग जाणकार एक नंबर जड दोरी लावतात, किंवा मऊ काठी घेतात, फायबरग्लासची नाहीतर वेळूची. वेळू उभा चिरून, त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून काठी घडवायची ही कला अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजली. त्या सुरुवातीच्या काठ्यांना लागणारा वेळू हिंदुस्थानातून जायचा, ‘कलकत्ता केन’ या नावाने. पुढे चीनच्या ग्वांगडोंगमधल्या टोंकिन वेळूने त्याला मागे टाकलं.

आतापर्यंतचं वाचून कुणालाही वाटेल की ओढा लहान, तर काठी लहान. मलाही हे बरीच वर्षं पटलेलं होतं. पण छत नसलेला ओढा घ्या. कुरणातून वाहणारा, उडी मारून ओलांडता येईल इतका अरुंद. तिथे आखूड काठी चक्क नडते.

कारण ओढ्याचं पाणी एका वेगाने वाहत नाही. मधली धार पळते, दगडाआडचं पाणी रेंगाळतं. माशी पडते रेंगाळणाऱ्या पाण्यात आणि दोरी पडते पळत्या धारेवर. क्षणभरात धार दोरीला ओढते आणि दोरी माशीला फरफटत नेते. खरा किडा प्रवाहाला आडवा सहसा धावत नाही, आणि ट्राउटला एवढं नक्की कळतं. आठ-साडेआठ फुटी काठी उंच धरली तर जवळजवळ सगळी दोरी पाण्यावर अधांतरी राहते. पाण्याला टेकते फक्त माशी आणि तिच्या मागची बारीक तात.

शिवाय मासा आपल्याला पाहतो. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग दिसतं ते डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून, सुमारे ९७ अंशांच्या. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्याचा हा परिणाम. काठावरचं सगळं त्या खिडकीच्या कडेला चेपून बसतं. जितके लांब आणि वाकून उभे राहाल तितके तुम्ही त्या कडेत विरघळता. काठीचे दोन फूट वाढले की तुम्हाला दोन फूट मागे सरता येतं.

जपानच्या डोंगरी ओढ्यांवर तेंकारा पद्धतीने मासे धरणाऱ्यांनी तर रीळ कधी लावलंच नाही. काठी साधारण बारा फुटांची, दोरी थेट शेंड्याला बांधलेली. ओढे अरुंद, तरी काठी एवढी लांब.

तेव्हा ओढ्याची रुंदी मोजत बसू नका. मान वर करा आणि डोक्यावर काय आहे ते पाहा. एकच काठी घ्यायची असेल तर माझं मत साडेसात फुटी, तीन नंबरच्या दोरीची, आणि जरा मऊ. दुकानदार नऊ फुटी पुढे करील. कुरणातल्या ओढ्यावर जाणार असाल, तर त्याचं ऐकायला हरकत नाही.