आडव्या बाटलीचं दशक

फेब्रुवारी 2025 मध्ये तामलवाडी पोलिसांनी एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या पकडल्या आणि तुळजापूरचं नाव राज्यभर नको त्या कारणाने गाजलं. आई भवानीच्या दारात हे विष आलं म्हणून सगळा जिल्हा हळहळला, मीही हळहळलो. त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवून 14 हजार कोटींचा जादा महसूल हिशेबात धरला आणि देशी-विदेशीच्या मध्ये बसणारा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार काढला. 180 मिलीची किंमत 148 रुपयांपासून. विदेशी परवडेनाशी झाली तर पिणारा थांबू नये, एक पायरी खाली उतरून पीतच राहावा, अशी ही मांडणी. तेव्हा मात्र धाराशिवात तेवढी हळहळ मला कुठे दिसली नाही.

माणसाला न अडवता, न झापता, नुसती त्याच्यापुढची मांडणी बदलली तरी त्याचं पाऊल वळतं, असं सांगणारं रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांचं ‘नज’ हे पुस्तक 2008 मध्ये आलं. थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. साधारण याच काळात आमच्या जिल्ह्यात दारू-तंबाखूची मांडणी थोडी माणसाच्या बाजूने सरकली होती. त्या वर्षांबद्दल मला बोलायचं आहे.

त्याआधीचं थोडक्यात. निजामाच्या राज्यात शिंदी आणि गुत्ते हे उत्पन्नाचं साधन होतं, म्हणून मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडली. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. त्यात पिणाऱ्याला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. पिण्याआधी माणसाला क्षणभर थांबवण्याची ती जागा होती, तिची नुसती पावती झाली. सरकारी युक्त्यांपेक्षा जुनी आणि पक्की सोय गोरोबाकाकांच्या तेरमध्ये आजही दिसते. गळ्यात तुळशीची माळ असली की आग्रह करणारा आपणहून हात आखडता घेतो, नाही म्हणायचीही वेळ येत नाही.

15 ऑगस्ट 2007 ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. अवैध दारू बंद करणं हा त्यातला एक भाग होता. बक्षीस अख्ख्या गावाला, त्यामुळे हातभट्टी ही एकट्या फौजदाराची डोकेदुखी राहिली नाही. गावच्या तंटामुक्ती समितीतली माणसं भट्टीवाल्याच्या भावकीतली आणि रोज पारावर भेटणारी. हा दबाव पोलिसांच्या काठीपेक्षा जास्त चालायचा. काही गावांनी बक्षिसापुरतंच केलं, हे खरं. तरी तेवढे महिने घरात मार खाणाऱ्या बाईला उसंत मिळाली, आणि मला ती उसंत मोठी वाटते.

मार्च 2008 मध्ये मतदानाने दारूचं दुकान बंद करण्याचा आदेश निघाला. एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करायच्या, त्या तपासल्या जायच्या, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळेल इतकं ते सोपं होतं. वाशी तालुक्यातल्या एका गावात सह्यांची पडताळणी मी पाहिली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेबल, शाईचं पॅड, रांगेत बायका. रस्त्यापलीकडे दुकानदाराची माणसं उभी, कोण अंगठा देतं ते बघत. रांगेतल्या एका म्हातारीने साहेबांना विचारलं, “सून कारखान्यावर गेलीय, तिचं कसं?” साहेबांनी मान खालीच ठेवली.

त्या प्रश्नातच सगळी गोम होती. दुकान बंद व्हायला झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई मतदानाला येऊ शकली नाही, ती आपसूक उभ्या बाटलीच्या बाजूला धरली जाते. आमच्या वाशी, भूम, कळंबच्या बायका दसऱ्यानंतर मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. ज्यांच्या घरात दारूने सगळ्यात जास्त धूळधाण केली, त्यांचंच मत न विचारता दुकानदाराच्या पारड्यात. गावच्या बायकांनाच दारूबंदी नको होती, असं नंतर सभांतून सांगणारे पुढारी मी ऐकले आहेत. ते खोटं बोलत होते.

2008 मध्येच 2 ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. दंड कितीजणांनी भरला ते सोडा. हॉटेलातली राखेची भांडी गेली, एसटीत विडी शिलगावणाऱ्याला शेजारचा प्रवासी टोकू लागला. राज्यात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण 2009-10 मध्ये 31.4 टक्के होतं, ते 2016-17 मध्ये 26.6 वर आलं. यात गुटखाबंदीचा वाटा असेल, पाकिटावरच्या चित्रांचाही असेल. पण विडी-सिगारेट ओढणारे चारच टक्के, बाकी सगळी चुन्याची डबी, मावा आणि मिसरी. दारामागे बसून मिसरी लावणाऱ्या बाईपर्यंत यातलं काहीच पोहोचलं नाही.

मग 1 एप्रिल 2017. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद झाली. सोलापूरहून तुळजापूर-येरमाळ्याकडे जाणारा रस्ता आणि नळदुर्ग-उमरग्याचा हैदराबाद रस्ता, दोन्हींवरचे बार अंधारले. पिण्यावर बंदी नव्हती, फक्त पाच-सात मिनिटांची जास्तीची चाल होती. ट्रक उभा करून तेवढं चालायचा कितीतरी जण कंटाळा करतात, हे त्या महिन्यांत ढाब्यांवर दिसत होतं. लहान गावांसाठी हे अंतर आधीच 220 मीटरवर आणलं होतं, जुलैमध्ये नगरपालिका हद्दीही वगळल्या गेल्या. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा ही सगळी पालिकेची गावं. फलक पुन्हा लागले.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. 2020 मध्ये सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी झाली, टपरीवर ती कुणाला ठाऊकच नाही. 27 जानेवारी 2022 ला ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राचे अनिल अवचट गेले आणि त्याच दिवशी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मान्यता दिली. तो निर्णय पुढे अमलात आला नाही, पण त्या दिवसाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून पिणाऱ्यांशी फार तर चार बैठका बोलायला बसवलं. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे निष्कर्ष छापले: तीन महिन्यांनी, मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले 42 टक्के, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 18 टक्के. आमच्याकडे आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा तक्ता भरतात. तंबाखू खाता का, रोज दारू पिता का, हे त्यात विचारलेलं असतं. खूण होते, तक्ता वर जातो. ज्याने खरं उत्तर दिलं त्याच्याशी बोलायला नंतर कुणी येत नाही. तुळजापूर तालुक्यात अणदूरच्या ‘हॅलो’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिकवून उभं केलं, ते या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. तशा बाईला चार बैठकांचं मानधन द्यायला 14 हजार कोटींतला किती लहानसा वाटा लागेल!

आणि 2008 च्या आदेशात दोन दुरुस्त्या करा. यादीतल्या नव्हे, पडलेल्या मतांतलं बहुमत धरा. मतदान गुढीपाडव्यानंतर, टोळ्या गावी परतल्यावर घ्या.