जकात नाक्यावरची श्रीमंती

जून 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने 200 कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले. मुंबई शेअर बाजारात मुख्यमंत्र्यांनी घंटा वाजवली, फोटो निघाले. कर्ज काढणे हा काही गुन्हा नव्हे. दोनच वर्षांपूर्वी तेवढ्याच रकमेचे रोखे निघाले होते. पण ‘आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका’ हे बिरुद मिरवणाऱ्या शहराने (ते कोणी आणि कोणत्या तराजूत तोलून दिले, हे कधी कोणी विचारले नाही) कर्जाचा असा सोहळा करावा, हे जुन्या माणसांना खुपणारच.

त्यांची श्रीमंती वेगळी होती. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को. गावे आधी कारखान्यांची झाली, नगरपालिका मागाहून, 1970 साली. 1982 मध्ये तिची महापालिका झाली. त्यानंतरची बरीच वर्षे नळ, गटारे आणि रस्तारुंदीच्या ठरावांत गेली. 1989 मध्ये टेल्कोच्या कामगारांनी केलेला संपसुद्धा निकाली निघाला तो पुण्यात, शनिवारवाड्यावर. पालिका बघ्याच्या भूमिकेत होती.

पैसा यायचा जकात नाक्यावरून. शहराच्या हद्दीत वापरासाठी, विक्रीसाठी माल शिरला की जकात. पोलादाचा ट्रक असो की सुट्या भागांचा टेम्पो, चालक पावती फाडल्याशिवाय पुढे सरकत नसे. महापालिकेचे निम्म्याहून अधिक उत्पन्न या एका खिडकीतून येई. कारखाना जोरात चालला की त्या महिन्याची आकडेवारीच तसे सांगे. मंदी आली तर स्थायी समितीला ती वर्तमानपत्राआधी कळे.

खरे कसोटीचे दशक 1997 ते 2007 चे. तेव्हाची आकुर्डी भोंग्यावर चालत होती. पाळी सुटली की मुंबई-पुणे रस्ता सायकलींनी आणि बजाजच्या चेतक स्कूटरींनी भरून जाई, बोनस झाला की चिंचवडचा बाजार फुले. कंपनीतून बाहेर पडलेला माणूस भोसरीत गाळा घेऊन एक लेथ टाके आणि त्याच कंपनीचे जॉबवर्क करी. प्राधिकरणातला प्लॉट, मुलाचा डिप्लोमा, मुलीचे लग्न, सगळे त्या पगारावर.

याच दशकात पायाखालची जमीन सरकत होती. गिऱ्हाईक स्कूटरवरून मोटारसायकलकडे वळले. 1999 मध्ये राज्य सरकारने नगरपालिकांची जकात काढली, महापालिकांची ठेवली. त्याच वर्षी बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला: हद्दीबाहेर, आकुर्डीपासून फार तर तासाभराच्या अंतरावर आणि जकातीविना. पुढे उत्तराखंडने अबकारी सवलतीचे गाजर दाखवले आणि 2007 मध्ये पंतनगरचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबले. अडीच हजारांहून अधिक कामगार होते. आकुर्डीत गाडी बनवणे परवडत नाही, या हिशेबात जकातही होती.

त्यानंतर ‘आपली कंपनी’ वाचवा म्हणणारे पुढारी पुष्कळ निघाले. जकातीचा प्रश्न मात्र महापालिकेच्या ज्या सभागृहात मांडायला हवा होता, तिथे तो आधीची आठ वर्षे रेंगाळला. एका कंपनीसाठी अर्धे उत्पन्न सोडता येत नाही, यशवंतराव चव्हाण रुग्णालय चालवायचे कशावर, हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण दुसरा उत्पन्नाचा मार्ग शोधायला ती आठ वर्षे होती ना? त्याऐवजी सोय पाहिली गेली ती वॉर्डातल्या विनापरवाना घरांची. पुढे त्या घरांवर शास्तीकर लावला आणि 2023 मध्ये तोही माफ केला. मतदाराला माफी मिळाली. कारखान्याला मिळत होती ती भाषणे.

1 एप्रिल 2013 ला जकात गेली, स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींखालच्या उलाढालीला एलबीटीतून सूट मिळाली. म्हणजे कर भरायला उरले मोठे कारखानेच, आणि पिंपरी-चिंचवडकडे ते होते. बाकीच्या महापालिका हात चोळत बसल्या तेव्हा इथला गल्ला बऱ्यापैकी वाजत राहिला. 1 जुलै 2017 ला जीएसटीने तेही संपवले. आता मंत्रालयातून दरमहा भरपाई येते, वर्षाला आठ टक्के वाढीच्या सूत्राने. शहरात गाड्या लाख बनोत की एकही न बनो, तो आकडा हलत नाही.

जून 2022 मध्ये आकुर्डीच्या त्याच जागेवर विजेच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. गुंतवणूक सुमारे 300 कोटी, वर्षाला पाच लाख गाड्यांची क्षमता, घोषणेतला रोजगार आठशेच्या आसपास. यंत्रे माणसे कमी मागतात, त्याला कंपनी तरी काय करणार. महापालिकेला त्यातून मिळतो तो मुख्यतः मिळकतकर. जीएसटीचा राज्याचा वाटा गाडी जिथे विकली जाते तिकडे जातो. एमआयडीसीच्या पट्ट्यात पाणी आणि बांधकाम परवानगी एमआयडीसीची. महापालिकेकडे रस्ते, दिवे आणि कचरा. भोसरीतले लघुउद्योजक सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र वर्षानुवर्षे मागत आहेत, आणि आळंदीजवळ इंद्रायणीला फेस आला की पहिले बोट दाखवले जाते ते त्यांच्याकडेच.